गवत उरलं म्हणून गायी वाढवायच्या का?

वाचकाचा प्रश्न: आमच्या 200 गायी आहेत, उत्पन्न वर्षाकाठी वासरं विकून येतं. यंदा हिवाळा उबदार आणि कोरडा गेला. पाच महिन्यांच्या हिवाळ्यात एरवी 465 टन वाळलेलं गवत लागतं, यंदा 255 टनांत भागलं. 210 टन शिल्लक आहे, 150 टन शेडमध्ये आणि 60 टन उघड्यावर. व्यापारी सगळं उचलायला तयार आहे. शेजारी 40 गाभण कालवडी विकतोय. गवताचे पैसे अधिक पाच वर्षांचं कर्ज असं करून त्या घ्याव्यात का?

उत्तर: आत्ता घेऊ नका. गवत विकून तर नाहीच.

आधी हे 210 टन आले कुठून ते पाहू. 550 किलोची गाय वजनाच्या साधारण 2.2 टक्के चारा खाते, ओलावा वगळून मोजला तर, म्हणजे 12 किलो. गवतातला 12 टक्के ओलावा आणि पायदळी जाणारी नासाडी धरली की गव्हाणीत रोज साडेपंधरा किलो टाकावं लागतं. 200 गायींना दिवसाला 3.1 टन. तुमची शिल्लक म्हणजे 68 दिवसांची वैरण.

थंडी कमी पडली म्हणून यातली किती वाचली? दाट, कोरड्या हिवाळी केसांच्या गायीला उणे 8 अंशांपर्यंत फारसं जास्तीचं खाणं लागत नाही. त्याखाली प्रत्येक अंशाला गरज सुमारे 2 टक्क्यांनी वाढते. एरवी तुमच्याकडे 60 दिवस पारा त्या रेषेच्या 6 अंश खाली असतो असं धरलं, तरी हिशेब 12 टक्के गुणिले 60 दिवस, म्हणजे जेमतेम 7 दिवसांचा निघतो. बाकीचे 61 दिवस गायी कुरणातलं वाळकं गवत खात होत्या. जमीन उघडी होती, बर्फ नव्हता, म्हणून त्या चरत राहिल्या. शेडमध्ये जे उरलं ते कुरणातून गेलं. ही कमाई नाही, पुढच्या हंगामातून घेतलेली उचल आहे.

त्यात जमिनीत ओल मुरलेली नाही. हंगामाच्या सुरुवातीची वाढ बऱ्याच अंशी हिवाळ्यात मुरलेल्या पाण्यावर होते. अर्ध्या इंचाची लोखंडी सळई घ्या आणि वीसेक ठिकाणी हाताच्या जोराने खुपसा. ओल्या मातीत ती सरकत जाते, कोरडा थर लागला की अडते. बहुतेक ठिकाणी वीतभर आतच अडली, तर वसंतातला पाऊस वेळेवर आला तरच कुरण उभं राहील. दगडावर अडली असेल ती जागा मोजू नका.

आता वाईट वर्षाचा हिशेब. कुरण आणि गवताची शेतं, दोन्ही 60 टक्केच पिकली असं धरू. तुमचं कुरण 200 गायींना 215 दिवस पुरतं, म्हणजे 43,000 गाय-दिवस. त्याचे 60 टक्के 25,800. 200 गायींना 86 दिवस कमी पडले, त्याचं गवत 267 टन. हिवाळ्यासाठी 465 ऐवजी 279 टन पिकलं, तिथे 186 कमी. एकूण तूट 453 टन. शिल्लक 210 वजा जाता 243 टन विकत घ्यावं लागेल.

हेच 240 गायी आणि रिकाम्या शेडवर मांडा. रोजची गरज 3.72 टन. चराईत 400 टन कमी, हिवाळ्यात 279 टन कमी. विकत घ्यायचं गवत: 679 टन. कळप पाचव्या हिश्शाने वाढला आणि खरेदी पावणेतीन पट झाली. शिवाय ती खरेदी तुम्ही अशा वर्षी करणार की शेजारीपाजारी सगळे त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभे असतील.

व्यापारी आत्ताच का उचलतोय हाही विचार करा. उबदार हिवाळ्यानंतर सगळ्यांकडेच गवत उरतं, त्यामुळे भाव दबलेला असतो. आभाळ त्यालाही दिसतं, शेजाऱ्यालाही.

गवत ठेवण्याची किंमत आहेच, ती लपवत नाही. पाऊस चांगला झाला तर नवी कापणी येईल आणि शेडमधल्या 150 टनांची किंमत, वजनातली घट धरून, चौथाईने उतरेल असं समजा. तोटा 37 टनांच्या किमतीएवढा. उलट आज विकलं आणि तेच 150 टन दुप्पट भावाने परत आणावं लागलं, तर तोटा 150 टनांच्या किमतीएवढा, वाहतूक वेगळी. या आकड्यांवर, पाच वर्षांत एकदा जरी दुष्काळ पडत असेल तरी ठेवणं आणि विकणं बरोबरीत येतं. कोरड्या जमिनीने सुरू होणाऱ्या वर्षात शक्यता त्याहून जास्तच धरावी लागेल. हे 37 टन विम्याचा हप्ता म्हणून लिहून टाका.

उघड्यावरच्या 60 टनांचं काय? ते थांबणार नाही. दीड मीटर व्यासाच्या गोल गासडीचा बाहेरचा फक्त 15 सेंटिमीटर थर सडला, तरी 36 टक्के गवत गेलं, आणि जमिनीला टेकलेली बाजू खालून ओल शोषते ते वेगळंच. म्हणून हे आधी खाऊ घाला, तेही मुद्दाम: गायी कुरणात सोडायची तारीख पुढे ढकलण्यासाठी. 60 टन म्हणजे 19 दिवस. उबदार हिवाळ्यानंतर कुरण लवकर हिरवं दिसतं आणि हात शिवशिवतात. पण गवताला तीन-साडेतीन पानं येण्याआधी तोंड लागलं, तर मुळांतला साठा संपतो आणि वर्षभराचं उत्पादन घटतं. उशिराच्या कडाक्याने कोवळे शेंडे करपले तर दुहेरी मार. हे 19 दिवस तुमच्या गवताचा सर्वात चांगला उपयोग आहे, व्यापाऱ्याने दुप्पट भाव दिला तरी.

कर्जाकडे वळू. कालवडी दोन महिन्यांत व्यायल्या, वासरं सात महिन्यांची झाल्यावर विकली, तरी पहिला पैसा नऊ महिन्यांनी. पहिला हप्ता त्याच्या आत येतो का ते बघा. दुसऱ्या वर्षी तर जास्तच अडचण. पहिलारू गाय स्वतः वाढत असते, दूधही देत असते, त्यामुळे चारा कमी पडला की परत गाभण राहायला सगळ्यात आधी तीच चुकते. विताना तिची अंगस्थिती, म्हणजे अंगावरचं मांस आणि चरबी, 1 (हडकुळी) ते 9 (अतिलठ्ठ) या मोजपट्टीवर 6 च्या आसपास हवी. 5 च्या खाली गेली की एक वर्ष बिनवासराचं गेलं समजा, हप्ता मात्र चुकत नाही. आणि तारण कशाचं? गायींचंच. दुष्काळात सगळे एकदम गायी बाजारात आणतात, तारणाची किंमत पडते आणि बँक नेमकी तेव्हाच जास्तीचं तारण मागते.

कालवडी मनात भरल्याच असतील, तर शेजाऱ्याला थोडा बयाणा देऊन दहा जणी कुरणात सोडायच्या तारखेपर्यंत राखून ठेवायला सांगा. तो नाही म्हणाला तर सोडून द्या.

आता दोन तारखा वहीत लिहा. पहिली, कुरणात सोडण्याची. त्या दिवशी 50 बाय 50 सेंटिमीटरच्या चौकटीत दहा ठिकाणी गवत कापा, वाळवून तोला. सरासरी ग्रॅमला 40 ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. नेहमीच्या तीन चतुर्थांशाहून कमी भरलं तर 20 गायी विकून काढा: गाभण न राहिलेल्या, दात झिजलेल्या, सड बिघडलेल्या, उशिरा विणाऱ्या, याच क्रमाने. 20 गायी तेव्हा काढल्या तर 300 दिवसांत 93 टन गवत वाचतं. तीन महिने थांबलात तर फक्त 65 टन, आणि भावही पडलेला.

दुसरी तारीख गवताची मुख्य वाढ निम्मी होते ती. तोवर पाऊस सरासरीला पोहोचला, तर शेडमधलं अर्धं गवत बिनघोर विका आणि तेव्हा कालवडींचा विचार करा. नाही पोहोचला, तर वासरं चौथ्या महिन्यातच आईच्या दुधापासून तोडा. दूध आटलं की गायीची गरज चौथाई ते तिसऱ्या हिश्शाने कमी होते.

हाताशी जी रोकड असेल, तिच्यावर पहिला हक्क पाण्याचा. तळी हिवाळ्यात भरलेली नाहीत. उन्हाळ्यात दुभत्या गायीला दिवसाला 60 ते 80 लिटर लागतं, म्हणजे कळपाला 12 ते 16 हजार लिटर. तळं आटत गेलं की क्षार घट्ट होतात, म्हणून आत्ताच तपासून घ्या. एकूण विरघळलेले क्षार लिटरला 3,000 मिलिग्रॅमच्या वर असतील तर सल्फेटचा आकडा वेगळा मागा. सल्फेटने गायीच्या अंगातलं तांबं अडतं, आणि त्याचा परिणाम पुढे गाभण राहण्यावर दिसतो. पाइप आणि हौदाचा अंदाज महिनाभरात मागवा. कोरड्या वर्षात नंतर कामाला माणूस मिळत नाही.

शेवटी एक लहान खर्च. गायींनी या हिवाळ्यात महिनोन्महिने हिरवा घास पाहिलेला नाही, आणि वर्षभर पडून राहिलेल्या गवतात कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून गायीच्या अंगात अ जीवनसत्त्व बनतं ते द्रव्य, फार उरत नाही. यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा तीन-चार महिन्यांत संपतो, मग वासरं अशक्त किंवा आंधळी जन्मतात. विण्याआधी खनिज मिश्रणातून अ जीवनसत्त्व द्यायचं का इंजेक्शनने, हे पशुवैद्यांना याच आठवड्यात विचारा.