वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं: परदेशी जायचंय, पण कोणाच्या खर्चाने?

प्रश्न: मी हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. अमेरिकेच्या फुलब्राइटचा माध्यमिक शिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे, त्याला अर्ज करायचा आहे. पणजीतल्या एका सल्लागाराने ‘सीट पक्की करून देतो’ म्हणत ४० हजार मागितलेत. द्यावेत का? सोबत माझा निबंध पाठवते, कसा वाटला ते कळवा. ता. क. उद्या मुलांना मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारांवर) न्यायचंय, म्हणून पत्र घाईघाईत लिहिलं. — एक शिक्षिका, माशेल

उत्तर: एक रुपयासुद्धा देऊ नका. फुलब्राइटचं भारतातलं काम युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन बघतं. अर्ज ऑनलाइन, फी शून्य. निवड झाली तर विमानाचं तिकीट, राहणं-जेवण, आरोग्यविमा, व्हिसा सगळं त्यांच्याकडून. मग ह्या गृहस्थांचे ४० हजार कशाचे? सीट पक्की करणं त्यांच्या हातात नाही, आणि अर्ज तर तुमचा तुम्हालाच भरायचा आहे. पैसा अमेरिकन सरकारचा, त्यामुळे जागा आणि तारखा दर वर्षी त्याच राहतील असं धरू नका. मैत्रिणीने सांगितलेल्या अटींवर न जाता यंदाची जाहिरात वाचा.

आता निबंध. ‘लहानपणापासून मला अध्यापनाची ओढ होती’, ‘भारताच्या समृद्ध संस्कृतीची ओळख मी जगाला करून देईन’. अख्खं पान वाचलं, त्यात माशेल कुठे सापडलं नाही. लखनौच्या बाईंनी किंवा मदुराईच्या सरांनी खाली सही केली असती तरी खपून गेलं असतं. आणि ता. क. मध्ये मानशीचं एक वाक्य टाकून तुम्ही मोकळ्या! अहो, तुमचा निबंध तिथे आहे.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधातली ती लाकडी दारं. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने आपसूक मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. ना मोटर, ना वीज. द्रवाचा दाब शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठल्या शाळेला मिळणार? पण मानशीचं कौतुक दोन ओळींत आवरा. निवडणाऱ्यांना तुमचा तास बघायचा असतो. दार मिटायला लागलं की घड्याळाकडे कोण बघतं? आतलं आणि बाहेरचं पाणी आटवून मीठ तोलता का? खेकड्यांनी बांध पोखरला तर शेताचं काय होतं, हे मुलं कोणाला विचारतात? वर्गातल्या कोणाच्या घरी अजून कोरगुट, ते खारं पाणी सोसणारं भात, पेरतात? हे सगळं येऊ द्या. काय जमत नाही तेही लिहा. भरतीची वेळ रोज पुढे सरकते आणि शाळेचं वेळापत्रक जागचं हलत नाही. शिवाय बांधावर केलेल्या कामाला गुण द्यायचे कसे, ही पंचाईत आहेच. ती नीट मांडलीत की ‘अमेरिकेत जाऊन काय शिकणार?’ ह्या प्रश्नाला वेगळं उत्तर शोधावं लागत नाही. त्या सहा आठवड्यांत विद्यापीठातल्या वर्गांबरोबर तिथल्या शाळेतही शिक्षकांबरोबर काम करायला मिळतं. मुलांना वर्गाबाहेर नेणारे शिक्षक त्यांचं काम तपासतात कसं, हे तिथे बघायचंय म्हणून सांगा.

‘परत आल्यावर अनुभव सांगेन’ हे तर सगळेच लिहितात. कुंभारजुवे, दिवाडी, कुठल्या शाळेबरोबर काय करणार आणि कोणत्या महिन्यात, तेवढं लिहा. मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र ‘होतकरू व मनमिळाऊ’ छापाचं असेल तर नम्रपणे परत करा. मुलांना बांधावर न्यायला त्यांनी परवानगी दिली तेव्हा पालक काय म्हणाले, ते त्यांनाच लिहू दे. निबंध पुन्हा लिहिलात की माझ्याकडे पाठवा, मी वाचेन.

प्रश्न: बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांनी पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी तिकडे जन्मनोंद करून घेतली आहे. मला युरोपात पदव्युत्तर शिक्षणासाठी इरॅस्मस मुंडुसची आणि पुढे अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरूची शिष्यवृत्ती मिळू शकेल का? — एक विद्यार्थी, साखळी

उत्तर: दोन्हींची गल्लत करू नकोस. इरॅस्मस मुंडुसचा पैसा युरोपीय संघाचा. जगातल्या कुठल्याही देशाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो, शेवटच्या वर्षाला असलास तरी चालतं. महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, शिकवणी फी माफ. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत असतात, म्हणजे परीक्षेआधीच हालचाल हवी. एक मेख मात्र आहे: एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एकाच देशाच्या नागरिकांना साधारण दहा टक्क्यांहून जास्त देत नाहीत. आपल्याकडून अर्जांचा पाऊस पडतो, म्हणून नावाजलेल्या एकाच अभ्यासक्रमामागे धावू नकोस.

फुलब्राइट-नेहरूला भारतीय नागरिकच लागतो. इथे वडिलांपेक्षा तुझी कागदपत्रं महत्त्वाची. तुझ्या स्वतःच्या नावाची नोंद लिस्बनला झाली आहे का? घरात विचार, गोव्यात अशा नोंदी कधीकधी सगळ्या भावंडांच्या एकदम उरकलेल्या असतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं. नोंद झाली असेल तर आधी जाणत्या वकिलाला कागद दाखव. त्याआधी ‘मी भारतीय नागरिक आहे’ ह्या ओळीखाली सही करू नकोस.

प्रश्न: बायको अशाच एका कार्यक्रमातून अमेरिकेला जाणार आहे. नंतर दोन वर्षं भारतातच राहावं लागतं म्हणे. मग आम्हाला न्यू जर्सीच्या भावाकडेही जाता येणार नाही का? — एक नवरा, म्हापसा

उत्तर: खुशाल जा. सरकारी खर्चाने जे-१, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीच्या, व्हिसावर गेलेल्यांना ती अट असते, पण ती नोकरीच्या एच किंवा एल व्हिसासाठी आणि ग्रीन कार्डासाठी. ते हवं असेल तर आधी मायदेशी दोन वर्षं काढावी लागतात. भावाकडे जायला पाहुण्याचा व्हिसा लागतो, त्याला ह्या अटीची आडकाठी नाही.