‘आमची मुलगी फार समजूतदार आहे’

इंग्लंडमधील रेडिंगजवळ राहणाऱ्या एका वडिलांचे पत्र आले आहे. त्यांच्या पत्नीला चार वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार असल्याचे निदान झाले. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मुलगा सात वर्षांचा. मदतीसाठी सांगलीहून आजी आल्या होत्या, परंतु व्हिजिटर व्हिसाचे सहा महिने संपल्यावर त्यांना परतावे लागले. तेव्हापासून आईला आंघोळ घालणे, भावाचा डबा भरणे, औषधांच्या वेळा सांभाळणे ही कामे मुलगी करते. आईला इंग्रजी बोलण्याचा संकोच असल्यामुळे दवाखान्यात दुभाष्याचे कामही तीच करते. तिला वारंवार उशीर होऊ लागला, तेव्हा शाळेने चौकशी केली आणि ‘यंग केअरर’ म्हणजे घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणारे मूल म्हणून तिची नोंद करण्याचा अर्ज घरी पाठवला. वडील लिहितात, ‘आमची मुलगी फार समजूतदार आहे, तिने कधी तक्रार केलेली नाही. मुलीने आईची सेवा केली तर त्यात गैर काय? हा अर्ज भरला तर सोशल सर्व्हिसेसचे लोक घरी येतील, पुढे व्हिसाला अडचण होईल, अशी आम्हां दोघांना भीती वाटते. काय करावे?’

अर्ज भरावा, आणि या आठवड्यातच भरावा. त्यामागची कारणे सविस्तर सांगतो, कारण अशा प्रसंगी अर्जापेक्षा मनातली अढी अधिक आडवी येते.

सेवेचा मुद्दा आधी घेऊ. आईवडिलांची सेवा म्हटले की आपल्याला पुंडलिक आठवतो, आणि ती गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. परंतु त्या गोष्टीतला पुंडलिक संसारी, कर्ता पुरुष आहे. त्याने आपल्या चुका ओळखून स्वतःच्या समजुतीने ती सेवा पत्करली. चौदा वर्षांच्या मुलीने काहीच पत्करलेले नसते. सकाळी सहा वाजता घरात दुसरे कोणी मोकळे नसते, म्हणून ते काम तिच्याकडे येते. मुलांनी घरात हातभार लावावा, आजारी माणसाला पाणी द्यावे, भावाला शाळेत सोडावे, यात वाईट काही नाही; उलट त्यातून आपुलकी वाढते. परंतु आपण नसलो तर आईचे काहीतरी होईल, या धास्तीने मूल शाळेत बसू लागले की त्याला हातभार म्हणता येत नाही. आईला आंघोळ घालण्यासारखी खासगी शुश्रूषा, औषधाच्या मात्रेची जबाबदारी आणि रात्री कान टवकारून झोपणे ही तीन कामे मुलाच्या वाट्याला येऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आईलाही लेकीपुढे रोज असे बसणे किती जड जात असेल, हे पत्रात लिहिलेले नाही, पण विचारात घ्यायला हवे.

‘समजूतदार’ या शब्दाबद्दलही मला बोलायचे आहे. नातेवाईक व्हिडिओ कॉलवर म्हणतात, ‘किती गुणाची पोर आहे!’ हे कौतुक खरे असते, पण एकदा ही ओळख चिकटली की मुलीला ‘मी दमले’ असे म्हणण्याची सोय उरत नाही, कारण तसे म्हटले तर आपण गुणी राहणार नाही, असे तिला वाटते. त्यातच अनेक घरांत भारतातल्या मंडळींना काळजी नको म्हणून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगण्याची शिकवण मुलांना दिलेली असते. मग मूल दोन देशांत दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगत राहते आणि तिसरी, खरी गोष्ट कोणालाच सांगत नाही. त्यामुळे तिने तक्रार केली नाही, याचा अर्थ तिला त्रास नाही असा धरू नका. अशी मुले शाळेच्याही नजरेतून सहज सुटतात. 2021च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये 5 ते 17 वयोगटातील सुमारे 1 लाख 20 हजार मुले घरातल्या कोणाची तरी शुश्रूषा करत असल्याची नोंद झाली. मात्र 2023मध्ये शालेय गणनेत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा बहुतेक शाळांनी आपल्याकडे असे एकही मूल नसल्याचे कळवले. तुमच्या मुलीच्या शाळेने स्वतःहून लक्ष घातले, हे मी चांगले लक्षण मानतो.

आता भीतीबद्दल. शाळेतली नोंद ही मुख्यतः शाळेतल्या आधारासाठी असते. तिच्यामुळे शिक्षकांना उशिराचे कारण कळते, गृहपाठाला मुदत मिळू शकते, मधल्या सुट्टीत घरी फोन करण्याची परवानगी मिळू शकते. कौन्सिलकडून, म्हणजे सोशल सर्व्हिसेस चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनाकडून, होणारे मूल्यमापन ही वेगळी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट 2014 मुळे 1989च्या बालक कायद्यात बदल झाला, आणि एप्रिल 2015 पासून अशा मुलाला आधाराची गरज दिसली, किंवा मुलाने वा पालकांनी मागणी केली, तर त्याच्या गरजांचे मूल्यमापन करणे हे कौन्सिलचे कर्तव्य झाले. हे मूल जे काम करते आहे ते त्याने करणे योग्य आहे का, आणि त्याचे शिक्षण, खेळ व स्वतःच्या इच्छा यांचे काय होते आहे, हे त्यात पाहावे लागते. ज्या अर्थाने तुम्ही घाबरला आहात, त्या अर्थाने ही चौकशी नाही. पालकांच्या इच्छेविरुद्ध मूल घराबाहेर ठेवायचे तर कौन्सिलला सामान्यतः न्यायालयात जावे लागते, आणि तेथे मुलाला गंभीर इजा होत असल्याचा किंवा होण्याचा संभव असल्याचा निकष लागतो. आईला आजार आहे आणि मुलगी मदत करते, एवढ्याने तो निकष पुरा होत नाही. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे वेगळे आहेत, पण असा आधार तेथेही मागता येतो.

व्हिसाचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून काळजीपूर्वक लिहितो. तुमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे ठरावीक सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट असणार. तिच्यात युनिव्हर्सल क्रेडिट, पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, केअरर्स अलाउन्स असे आर्थिक भत्ते येतात. त्यांच्यासाठी अर्ज करण्यापूर्वी अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका. परंतु सरकारी शाळा, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार आणि कौन्सिलची सामाजिक शुश्रूषा या गोष्टी त्या यादीत नाहीत. मुलीचे किंवा पत्नीचे मूल्यमापन मागितल्याने अटीचा भंग होत नाही.

किंबहुना मुलीच्या आधी पत्नीच्या मूल्यमापनाची मागणी करा, कारण मुलीचे ओझे कमी होण्याचा सरळ मार्ग तोच आहे. केअर अ‍ॅक्ट 2014 प्रमाणे, प्रौढ व्यक्तीला शुश्रूषेची गरज दिसत असेल तर कौन्सिलला तिचे मूल्यमापन करावे लागते, आणि त्यासाठी पैसे आकारले जात नाहीत. पुढे प्रत्यक्ष सेवा मिळाली तर उत्पन्न आणि बचत पाहून शुल्क लागू शकते. सकाळी आंघोळीसाठी बाहेरची बाई येणार, ही कल्पना सुरुवातीला आपल्या घरांत रुचत नाही. स्वयंपाकघर, देवघर, सोवळे-ओवळे अशा अनेक गोष्टी मनात येतात. बाईच हवी, घरात चपला नकोत, या अपेक्षा मूल्यमापनाच्या वेळी मोकळेपणाने सांगाव्यात. तेव्हा एक काळजी घ्या. पाहुणे आले की घर आवरून हसतमुखाने बसण्याची आपली सवय असते, आणि अधिकारी येतात त्या दिवशी नेमकी पत्नीची प्रकृती बरी असते. या आजाराचे स्वरूपच चढउताराचे आहे. काल चालणारे पाय आज साथ देत नाहीत, आणि थकवा तर बाहेरून दिसतही नाही. म्हणून दोन आठवड्यांची रोजची नोंद ठेवा आणि सर्वांत वाईट दिवस कसा जातो, त्या दिवशी मुलगी काय काय करते, ते सांगा.

दुभाष्याचे काम मात्र आजपासून थांबवा. दवाखान्यात मराठी दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर सोळा वर्षांखालील मुलांकडून हे काम करून घेऊ नये, असे एनएचएसचेच मार्गदर्शन आहे. अपॉइंटमेंट घेतानाच जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) स्वागतकक्षात तसे सांगून ठेवा. आईच्या मेंदूच्या तपासणीत काय दिसले, हे मुलीला सर्वांआधी कळते आणि ते आईला मराठीत कोणत्या शब्दांत सांगायचे हे तिलाच ठरवावे लागते, ही गोष्ट मला पत्रातल्या इतर कशाहीपेक्षा अधिक लागली.

आजाराबद्दल तिच्याशी तुम्ही दोघांनी मिळून बोलायला हवे. ‘मलाही हे होईल का?’ हा प्रश्न तिच्या मनात असण्याची शक्यता फार आहे. हा आजार संसर्गाने होत नाही; जवळच्या नात्यात असेल तर धोका थोडा वाढतो, पण अशा आईवडिलांच्या बहुसंख्य मुलांना तो कधीच होत नाही. हे तिला मोबाइलवर शोधावे लागू नये. धाकट्यालाही त्याच्या वयाला पेलेल एवढे सांगा, नाहीतर त्याला समजावण्याचे कामही ताईवरच पडेल.

तुमच्याबद्दलही दोन शब्द. पत्रात तुमच्या नोकरीच्या ताणाचा उल्लेख आहे आणि तो मी हलका मानत नाही. परंतु एप्रिल 2024 पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे, आणि अवलंबून असलेल्या माणसाच्या शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजाही मिळते. ती मागायला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तरी तुम्ही संकोचाने जे मागितले नाही, ते आजवर मुलीने न सांगता भरून काढले, हे लक्षात घ्या. मुलगी आहे म्हणून शुश्रूषा तिच्याकडे आणि मुलगा लहान म्हणून मोकळा, ही वाटणीही तो दहा वर्षांचा होईपर्यंत तशीच राहू देऊ नका. जवळच्या मराठी मंडळींना ‘आठवड्यातून एकदा पोळीभाजी द्या’ किंवा ‘शनिवारी धाकट्याला खेळायला न्या’, असे नेमके काम सांगा; ‘काही लागले तर कळवा’ म्हणणाऱ्यांना काय करावे हे खरोखरच ठाऊक नसते.

मुलीला सोबत हवी ती मात्र अशाच दुसऱ्या मुलांची. अनेक ठिकाणी यंग केअरर्सचे गट असतात. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या केअरर्स ट्रस्टशी जोडलेल्या संस्था किंवा शाळेतली जबाबदार शिक्षिका त्यांची माहिती देऊ शकेल. आईवडिलांना सांगता येत नाही असे काही असेल तर चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 0800 1111 हा क्रमांक मोफत आहे, आणि तो तिला तुम्हीच द्यावा. तुम्ही दिलेला क्रमांक म्हणजे बोलण्याची परवानगी, असे मुले समजतात. अठरा वर्षे जवळ येतील तेव्हा पुढच्या आयुष्याचा विचार करणारे आणखी एक मूल्यमापन मागता येते. दूरच्या विद्यापीठात जाण्याची इच्छा तिने आजच गिळून टाकू नये, यासाठी ते तिला आत्ताच सांगून ठेवा.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे की पूर्वी ती मंगळवारी पोहायला जायची. शाळेचा अर्ज भरून दिलात की त्या वर्गाला फोन करा, जागा आहे का विचारा, आणि ‘मंगळवारी संध्याकाळी आईजवळ मी असेन’, असे तिला स्वतः सांगा.