मराठी आहे म्हणून सांभाळून घेऊ नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझी तिन्ही परीक्षणं वाचली. तुला वृत्तपत्रात शुक्रवारचे सिनेमे मिळाले याचा आनंद आहेच. भाषा तुझी स्वच्छ आहे, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत बसत नाही. ‘दशावतार’, ‘साबर बोंडं’ आणि ‘आता थांबायचं नाय’ या तिन्हींवर लिहिताना शेवटच्या परिच्छेदात तू एकच वाक्य थोड्याफार फरकानं लिहिलं आहेस: मराठी प्रेक्षकांनी हा प्रयत्न उचलून धरायला हवा. ते आधी खोड.

का लिहिलंस ते कळतं मला. मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत, मिळाले तर अडनिड्या वेळेचे. एखादा मोठा हिंदी सिनेमा आला की दुसऱ्या आठवड्यात उचलबांगडी ठरलेली. 2015 साली सरकारनं मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठीसाठी प्राइम टाइम सक्तीचा केला आणि थोड्याच दिवसांत त्या प्राइम टाइमचा अर्थ दुपारी बारा ते रात्री नऊ असा होऊन बसला. भर दुपारी बाराला प्राइम टाइम! त्यात आपली मंडळीही काही कमी नाहीत. 12 सप्टेंबर 2025 या एकाच शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी सिनेमे लागले आणि पुढच्याच शुक्रवारी ‘साबर बोंडं’. म्हणजे शोंची मारामारी घरातल्या घरात.

हे सगळं खरं आहे आणि त्यावर वेगळा लेख लिही, मी आवडीनं वाचेन. पण परीक्षण वाचणारी बाई चौघांची तिकिटं काढणार असते. गाडीचं पार्किंग, मध्यंतरातले पॉपकॉर्न धरून तिचे हजार-दीड हजार जातात. तिला सिनेमा कसा आहे एवढंच हवं असतं. तुझ्या भरवशावर ती गेली आणि कंटाळून परत आली, की पुढच्या वेळी तू खरोखरच्या चांगल्या सिनेमाबद्दल लिहिशील तेव्हा ती पान उलटेल. ग्रेस मार्क देऊन पास केलेल्या पोराचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. ‘मराठी सिनेमा कात टाकतोय’ हेही आता पुरे. 2004 साली ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हापासून मी हे वाक्य वाचतोय. वीस-एकवीस वर्षं कात टाकणारा साप कुणी पाहिलाय?

आता ‘दशावतार’कडे वळू, कारण तिथं तुझ्या हातून बरंच निसटलंय.

तू त्याला ‘मराठीतला कांतारा’ म्हटलंस. हे तू एकटीनंच म्हटलेलं नाही, त्या आठवड्यात अर्ध्या महाराष्ट्रानं म्हटलं. कोकण आहे, जंगल आहे, अंगावर देवाचं रूप चढवणारा माणूस आहे आणि जमिनीवर डोळा ठेवणारे लोक आहेत, मग झालं. पण त्या कन्नड सिनेमातला भूतकोला हा कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या तुळूनाडूतला विधी आहे, त्यात दैव, म्हणजे गावची देवता, अंगात येते आणि गावकरी तिला गाऱ्हाणं घालतात. दशावतार हे कोकणातल्या जत्रांमधलं नाटक आहे. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात संकासुर राक्षस येणार, मग मुख्य आख्यान. संवाद लिहून दिलेले नसतात, नट तिथल्या तिथं बोलतात. बायकांची कामं पुरुष करतात. आपला चेहरा आपणच रंगवतात, रात्रभर राजा होतात आणि सकाळी पेटारा उचलून पुढच्या गावच्या जत्रेला निघतात. सिनेमाचा नायक बाबुली मेस्त्री हा असा नट आहे. सोंग काढायचं आणि उतरवायचं हे त्याला ठाऊक आहे. सिनेमाच्या उत्तरार्धात तो जे करतो ते अंगात आलं म्हणून करतो, की सोंग घेता येतं म्हणून करतो? माझ्या मते सगळा सिनेमा या प्रश्नावर उभा आहे, आणि ‘कांतारा’ म्हटलं की तो प्रश्न विचारायचाच राहून जातो. एकदा थंडीत सिंधुदुर्गात जाऊन जत्रेतला दशावतार बघ. पहाटेपर्यंत बस, मध्येच उठून लॉजवर झोपायला जाऊ नकोस.

दिलीप प्रभावळकरांबद्दल तू ‘ऐंशी पार केलेल्या वयात थक्क करणारी ऊर्जा’ एवढंच लिहिलंस. हे त्यांच्या वयाचं कौतुक झालं, कामाचं नाही. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे. आता थांबा, असं मुलगा माधव सांगतोय. न दिसणारा माणूस उभा करताना नट बहुतेक वेळा डोळ्यांवर भिस्त ठेवतात, नजर शून्यात लावतात. प्रभावळकरांच्या बाबुलीकडे बघताना मला तो अंदाज शरीराच्या चालीत दिसला. ओळखीच्या जागी तो बिनधास्त वावरतो आणि अनोळखी जागी आकसतो. तुला वेगळं काही दिसलं असेल तर ते लिही. पण दिसलेलं लिही. ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’, ‘अंगावर काटा’ हे शब्द कोणत्याही नटाला, कोणत्याही शुक्रवारी चिकटवता येतात.

आणि उत्तरार्ध घसरतो हे तुलाही जाणवलंय, तुझ्या वाक्यावरून कळतं: ‘काही प्रसंग अधिक टोकदार होऊ शकले असते.’ हे लपून बोलणं झालं. माझं मत असं, की बाप-लेकाची गोष्ट जितक्या मायेनं लिहिली आहे तितक्याच घाईनं खलनायक लिहिले आहेत. खाणवाले लोक इतके सरळसोट वाईट दाखवले, की गावातल्याच माणसांना खाण का हवीशी वाटते हा अवघड भाग बाजूला पडला. तुला हे पटलं पाहिजे असं नाही. पण जे पटलंय ते कारणासकट, सरळ लिही. दिग्दर्शक सुबोध खानोलकरांचा हा पहिलाच सिनेमा, म्हणून तू कचरलीस का? पहिला असो की पंधरावा, तिकीट तेवढंच.

‘साबर बोंडं’च्या बाबतीत तू नेमकी उलटी घाबरलीस. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालंय म्हटल्यावर तुझी लेखणी दबकत चालली. पहिला निम्मा भाग पुरस्काराच्या बातमीतच गेला आणि पुढं ‘संथ पण अर्थपूर्ण’. संथ म्हणजे काय ते सांग ना. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. कॅमेरा एका जागी थांबतो, माणसं चौकटीत येतात, बसतात, जातात. चौकटीचे कोपरेसुद्धा गोलसर केलेत. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, नातेवाइकांची लग्नाची भुणभुण, आणि बालपणीचा मित्र बाळ्या. सुतकातल्या घरात वेळ जसा हलत नाही तसाच तो इथंही हलत नाही. हे वाचून एखादा म्हणेल, मला नाही झेपणार. दुसरा म्हणेल, मला हेच बघायचंय. दोघांचंही काम झालं. दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल तू ‘नाजूक विषय’, ‘वेगळी वाट’ असं आडून आडून बोललीस. आनंदची आई तुझ्यापेक्षा मोकळी आहे.

‘आता थांबायचं नाय’वर फार बोलत नाही. महापालिकेच्या चतुर्थश्रेणी कामगारांनी दहावी पास होणं ही खरी घडलेली गोष्ट, आणि ती मोठीच आहे. पण मोठेपण त्या कामगारांचं. सिनेमाला त्यातले गुण आपोआप मिळत नाहीत. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव नेहमीची हुकमी लकब आवरून काम करतात, तिथं सिनेमा स्वतःचे गुण मिळवतो. रडवायची घाई झाली तिथं गमावतो.

आता कामाच्या चार गोष्टी. प्रेस शो झाला की दाराशी दिग्दर्शक उभा असतो, ‘कसा वाटला?’ म्हणून हात धरतो. ‘लिहिते’ एवढंच म्हण आणि निघ. प्रीमियरच्या टाळ्यांवर जाऊ नकोस, तिथं निम्मे नातलग असतात आणि उरलेल्यांना पुढच्या सिनेमात काम हवं असतं. जमेल तेव्हा शनिवारी तिकीट काढून तोच सिनेमा पुन्हा बघ, साध्या थिएटरात, मागच्या रांगेत. कुठं मोबाइल उघडले जातात ते तिथून स्पष्ट दिसतं. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तेव्हा पर्स चाचपत बसू नकोस. लांबी किती ते त्यावर असतं, आणि आता यूए 7+, 13+, 16+ असे वयाचे गट आहेत. पोरांना न्यायचं की नाही हा वाचकांचा पहिला प्रश्न असतो आणि तुझ्या तिन्ही परीक्षणांत त्याचं उत्तर नाही.

शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत बस. संकलक, ध्वनिलेखक, कला दिग्दर्शक यांची नावं तुझ्याकडे एकदाही आलेली नाहीत. सिनेमा लांबला असं लिहितेस, मग कापणारा कोण होता ते तरी कळू दे.

परीक्षणाला द्यायच्या ताऱ्यांचं काय करायचं विचारलंस. संपादक मागतील, द्यावेच लागतील. फक्त साडेतीन देऊ नकोस. निर्मात्याला पोस्टरवर छापता येतात, वाचकाला वाईट वाटत नाहीत आणि तुला काही ठरवावं लागत नाही, असे ते साडेतीन. तू तिन्ही सिनेमांना साडेतीनच दिलेत.

‘दशावतार’ पुन्हा लिही. चारशे शब्द, त्यात कथा पाच ओळींच्या वर नको आणि मध्यंतरानंतरचं काही फोडायचं नाही. बुधवारपर्यंत पाठव, गुरुवारी मी दवाखान्यात असतो.

तुझा,
सर