टाचेमागची शीर आणि ‘शॉक’ची भीती

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ५१, शाळेत शिकवते, दिवसभर उभंच. वर्ष झालं डाव्या टाचेमागची जाड शीर दुखतेय, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकते. गोळ्या, मलम, शेक सगळं झालं. आता फिजिओ म्हणतायत शॉकवेव्हच्या ५ सिटिंग घ्या. घरचे म्हणतात करंट देतात, नको. काय करू?

उत्तर: ताई, ही शीर म्हणजे रक्ताची नस नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी, अकिलीस टेंडन. आधी ती करंटची भीती काढून टाका. अंगात वीज जातच नाही, या दाबाच्या लहरी असतात. किडनी स्टोन फोडायला १९८० मध्ये म्युनिकला त्या पहिल्यांदा पेशंटवर वापरल्या, पुढे तेच तंत्र कमी ताकदीत टाच, कोपर, खांद्यासाठी आलं. जेल लावून हँडपीस शिरेवर टेकवतात आणि टकटकटक सुरू, एका सिटिंगला साधारण २००० ठोके, पाच-दहा मिनिटांचं काम. दुखतं, खोटं कशाला सांगू, नेमक्या जागेवर आलं की पाय आपोआप मागे ओढला जातो, पण जोर कमी करता येतो तेव्हा दात आवळून बसू नका, सांगा.

आता महत्त्वाचं. वर्षभराच्या दुखण्यात शिरेचे तंतू विस्कटलेले असतात, भार पेलायची ताकद गेलेली असते, आणि ती व्यायामानेच परत येते. २००९ च्या एका अभ्यासात नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायाम आणि शॉकवेव्ह दोन्ही घेणाऱ्यांना चार महिन्यांनी जास्त आराम होता. म्हणून व्यायाम न शिकवता कोणी नुसती पाच सिटिंगची पावती फाडत असेल तर सरळ दुसरीकडे जा.

शीर चिमटीत धरून बघा, कुठे दुखतं. हाडाच्या दोन-तीन बोटं वर असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, दोन्ही टाचा उचला, मग फक्त डाव्या पायावर भार घेऊन अगदी सावकाश खाली, १५ वेळा असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर हेच जमिनीवर करा, टाच पायरीच्या खाली नको. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किंवा नुकतंच तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर सिटिंगच्या आधी सांगाच. मध्यंतरी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं असेल तर तेही, त्याने या शिरा कमजोर होतात. आणि कधी टाचेमागे एकदम ‘टक्’ झालं, चवड्यावर उभंच राहता येईना, तर सिटिंग वगैरे सोडा, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे जा.

सिटिंगनंतर एक-दोन दिवस ठणकेल, फरक कळायला दोन-तीन महिनेही लागतात, त्यामुळे तिसऱ्या सिटिंगला ‘काहीच नाही’ म्हणून सोडू नका. तोवर सपाट चप्पल नको, टाचेला थोडा उंचवटा असलेली घाला, आणि हो, वर्गात एक खुर्ची मागून घ्या.