‘होऊन जाईल’ म्हणायचं सोड, भो

म्युनिकला निघालायस आणि विचारतोस, तिकडे कोडच्या क्वालिटीबद्दल फार कडक असतात का, पुण्यातला सहा वर्षांचा अनुभव पुरेल का. व्हिसा, ब्लू कार्ड (शिकलेल्यांना तिकडे नोकरीसाठी मिळणारा परवाना), पगाराची अट हे वकिलातीच्या साईटवर आहे, ते वाच. फक्त जन्मदाखला, पदवीची सनद नि पासपोर्टवर नाव एकसारखं आहे ना, ते आजच बघ. माझ्या दाखल्यावर वडिलांच्या नावात इंग्रजी ‘ए’ एक कमी होता. त्या एका अक्षरापायी अमळनेर-जळगाव इतक्या खेपा झाल्या, की आठवलं तरी डोकं मे महिन्यासारखं तापतं.

आता कोड. पुण्यात माझी ख्याती ‘रात्रीत करून देणारा’ अशी. सकाळी क्लायंटचा डेमो, पहाटे चारला मी कोड सर्व्हरवर चढवणार. टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतं का ते तपासणारं कोड, नंतर लिहू म्हणायचो. ते नंतर कधी उजाडलंच नाही. इथे म्युनिकला पहिल्याच पुल रिक्वेस्टवर, म्हणजे केलेले बदल दुसऱ्याला तपासायला देतो त्यावर, २७ कॉमेंट! या फंक्शनच्या नावावरून काय कळतं? टेस्ट कुठेय? दोन वेगळे बदल एकत्र का? प्रोबेशनचे सहा महिने, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. मी घाबरून सगळ्यांखाली ‘डन’ लिहीत गेलो. त्यातल्या एका कॉमेंटमध्ये रिव्ह्यू करणाराच चुकला होता. मला दिसत होतं, तरी निमूट बदललं, नि बग थेट ग्राहकांपर्यंत गेला. तो एवढंच म्हणाला, कळत होतं तर बोलला का नाहीस? काय सांगणार? आपल्या शाळेत मास्तरांची चूक कुणी काढली होती का?

तर अनुभव पुरेल. शुक्रवारी होणार नसेल तर सोमवारीच सांग, त्यात कमीपणा नाही. आणि हे लोक काही देव नाहीत. एकही टेस्ट नसलेलं, हात लावायला सगळे घाबरतात असं जुनं कोड इथेही ढिगानं आहे.

पोरगं बरोबर नेणार असशील तर हे ऐक. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच, मे महिन्यात, दाखला हातात पडतो. जर्मन, गणित आणि परिसर मिळून सरासरी २.३३ पर्यंत असेल तर मूल सरळ गिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत. इथे १ म्हणजे उत्तम. माझ्या पोराची २.६६ आली. गणितात २, बाकी दोन्हींत ३. बाई आधीच म्हणाल्या होत्या, घरी जर्मन वाढवा. तेव्हापासून जेवताना आम्ही माझ्या मोडक्या जर्मनमध्ये बोलायला लागलो. आता आजी फोनवर अहिराणीत भरभरून बोलते आणि हा नुसता हो-नाही करतो. दाखल्याचं जाऊ दे, हे मात्र पोटात राहिलंय.

एकटेपणा? होतो. भरताची हिरवी वांगी मिळत नाहीत. सवय होते.

गेल्या महिन्यात पुण्याच्या टीममधल्या एका नव्या पोराच्या कोडवर मी ३१ कॉमेंट टाकल्या. चोपड्याचा निघाला. सगळ्यांखाली त्यानं ‘डन सर’ लिहिलंय. त्यातली एक माझीच चुकीची होती. अजून त्याला फोन केलेला नाही.