पत्रा मागवण्याआधी कैचीवर चढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आईची छपरांच्या कामाची फर्म या दिवाळीनंतर तू चालवणार, म्हणून पहिल्या हंगामात काय काय बघू असं विचारलंस. सोबत पाठवलेली यादीही वाचली. बँक, जीएसटी, वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड, सगळं आहे. छप्पर तेवढं नाही. तेव्हा मी छपरापासूनच सुरुवात करते, कागदांचं शेवटी बघू.

फर्म आईच्या नावावर, चेकवर सही आईची, पण पत्रा किती जाडीचा आणि कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, कधी उभी करायची हे ठरवणार दुसरंच कुणी, अशा फर्म कोकणात पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न "साहेब आहेत का?" हाच असतो. त्यावर चिडण्यात वेळ घालवू नकोस. मेस्त्रींशी चढ्या आवाजात बोलायचीही गरज नाही. छपराच्या कामात तीन वेळा अशा येतात की तिथे चूक सापडली तर तासाभरात सुधारते आणि पुढे गेली की पाऊस येईपर्यंत कुणाला दिसत नाही. त्या तिन्ही वेळांना टेप घेऊन तू स्वतः वर असलीस, तर महिन्याभरात माणसं तुला विचारून पुढचं काम धरतील.

पहिली वेळ म्हणजे कैच्या उभ्या राहिल्यात पण पत्र्याची ऑर्डर अजून गेलेली नाही. रंगीत पत्रा कारखान्यातून लांबीला कापून येतो. नकाशावरून ऑर्डर देण्याचा मोह होतो, कारण तेवढेच चार दिवस वाचतात. पण चिऱ्याची भिंत नकाशात २४ फूट असते आणि जागेवर २४ फूट ३ इंच भरते. म्हणून दोन्ही कर्ण मोज. ४० बाय २४ च्या घराचा कर्ण ४६ फूट ८ इंचांच्या आसपास यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. इंचाहून जास्त फरक निघाला तर आधी वरचं बीम किंवा पाईप सरळ करून घे. तसंच पुढे रेटलं तर पत्रा वळचणीला समांतर बसत नाही, पंख्यासारखा फाकत जातो. एका पत्र्यामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकलं तर चौदाव्या पत्र्याला साडेतीन इंच होतात. मग मेस्त्री शेवटचा पत्रा ग्राइंडरने तिरका कापतात. ग्राइंडरच्या ठिणगीने रंग आणि त्याखालचा जस्ताचा थर दोन्ही जळतात, आणि गंज नेमका त्या कडेपासून सुरू होतो. कापायचाच झाला तर हातकात्रीने किंवा निबलरने, म्हणजे पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने.

दुसरी वेळ पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे पाईप, वेल्ड झाल्यावर आणि पहिला पत्रा वर जाण्याआधीची. इथे थोडा हिशेब सांगते, कारण हा हिशेब माहीत नसलेले मेस्त्री "पत्र्याचं वजन आहेच की" म्हणून निश्चिंत असतात. वाऱ्याचा दाब ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्यावरून चौरस मीटरला साधारण ११८ किलो येतात, म्हणजे एका ब्रासला (१०० चौरस फुटांना) अकराशे किलोंच्या घरात. पत्र्याचं स्वतःचं वजन ब्रासला जेमतेम ४५ किलो. उतार, उंची, भोवतालची झाडंघरं यांनी आकडा खालीवर होईल, पण वळचण, आढं आणि चारही कोपरे इथे वारा पत्र्याला दाबत नाही, वर खेचतो, हे पक्कं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकडेने वर गेलं. अशा वाऱ्यात पत्रा अनेकदा स्क्रूतून फाटत नाही. पर्लिनसकट उचलला जातो, कारण पर्लिनला वेल्डिंगचे नुसते टाके मारलेले असतात.

म्हणून छोटी हातोडी घेऊन वर जा. वेल्डिंगवरची खपली उडव. खाली सलग चकचकीत रेघ दिसली तर ठीक, ठिपके दिसले तर परत करायला लाव. गंजरोधक रंग त्यानंतर. रंग आधी मारलेला असेल तर समज की काहीतरी झाकलंय. कैचीच्या पायाची प्लेट कशात धरली आहे तेही बघ. चिऱ्यात भोक पाडून ठोकलेला बोल्ट धरत नाही, जांभा भुसभुशीत असतो. भिंतीवर सळईचं काँक्रीट बीम हवं आणि ओतायच्या वेळीच त्यात वाकवलेले १६ मिमीचे बोल्ट सोडलेले हवेत. पर्लिनमधलं अंतर मध्ये चार फूट चालतं, पण वळचणीशी आणि आढ्याशी ते तीन फुटांवर आण. दोन पाईप जास्त लागतात. त्यावरून गिऱ्हाईक घासाघीस करेल, तिथे मात्र मागे हटू नकोस.

तिसरी वेळ पहिल्या पत्र्याची. वळचणीला दोरी बांधायची, पहिला पत्रा दोरीशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आला की मगच पहिला स्क्रू. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून काम पूर्वेच्या टोकापासून धरून पश्चिमेकडे न्यायचं. म्हणजे पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडाची फट वाऱ्याकडे तोंड करत नाही. उलट्या बाजूने काम करायला मेस्त्रींना सोपं जात असेल, ट्रक तिकडे उभा असेल, तरी नाही. लांबीत जोड द्यावाच लागला तर निदान सहा इंच चढव, उतार कमी असेल तर नऊ.

स्क्रू नेहमी पत्र्याच्या उंच नळीवर, खालच्या पाणी वाहणाऱ्या पट्टीत नाही. नळीची उंची पाहून साधारण ५५ मिमीचा स्क्रू लागतो. वळचण, आढं आणि दोन्ही टोकांना प्रत्येक नळीवर, मध्ये एकाआड एक. काळा रबरी वॉशर कडेने जरासा फुगलेला दिसला की थांबायचं. पिळून बाहेर आलेला वॉशर उन्हाने तडकतो. गळतीच्या तक्रारीत मी आधी हेच बघेन, पत्र्यात दोष शोधायला नंतर जाईन. चुकून पडलेल्या भोकात लांबी (पुट्टी) भरू देऊ नकोस, त्यात जाड स्क्रू वॉशरसकट बसव. आणि संध्याकाळी खाली उतरण्याआधी छप्पर मऊ झाडूने झाडून घ्यायचं. ड्रिलचा लोखंडी चुरा रात्रीच्या दवाने गंजतो, सकाळी नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल जुना दिला.

भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यावर गवंडी सवयीने सिमेंटचा गोळा थापतो. ओलं सिमेंट जस्त-ॲल्युमिनियमचा लेप खातं, शिवाय पत्रा उन्हात लांबतो-आखडतो आणि सिमेंट तिथेच उभं राहतं, त्यामुळे तडा ठरलेलाच. भिंतीत खाच मारून वाकवलेली पट्टी बसवायची आणि वरून सिलिकॉन. तेही आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचं नको, ते पत्र्याला चावतं. दुकानदाराला न्यूट्रल म्हणून सांग.

माल घेताना मायक्रोमीटर पर्समध्ये ठेव. ०.५० मिमी म्हणजे नुसतं पोलाद की रंगासकट, हे बिलावर लिहून घे. एक पत्रा काट्यावर टाकून वजनाशी ताडून बघ. साइटवर थप्पी एका बाजूला कलती ठेवायची आणि ताडपत्रीखाली हवा खेळती. दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकलं की आठवड्यात पांढरा गंज येतो. वरची प्लॅस्टिकची फिल्म पत्रा चढवताना काढून टाक, उन्हात राहिली तर नखांनी खरवडावी लागते.

कौलांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुमचे मेस्त्री त्यात माझ्याहून जाणते आहेत. उतार ३० अंशांच्या खाली नको. ब्रासला साधारण १५० कौलं, मापाप्रमाणे थोडं कमीजास्त. जुनी कौलं परत वापरायची तर प्रत्येक कौल बोटाने वाजवून घ्यायचं, बद्द आवाज आला की बाजूला. रिपांमधलं, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर पुस्तकातून न घेता आलेल्या कौलांची एक उभी ओळ जमिनीवर मांडून ठरव. दोन कारखान्यांची कौलं छपराच्या एका पाख्यावर (उतरत्या बाजूवर) मिसळू नयेत, खाचा जुळत नाहीत.

आता भाव. गिऱ्हाईक जमिनीचं क्षेत्रफळ धरतं, आपण छपराचं, आणि भांडण तिथे सुरू होतं. वरचंच घर घे. ४० बाय २४ म्हणजे ९६० चौरस फूट. चारही बाजूंना दोन फूट वळचण काढली की ४४ बाय २८, १,२३२. उतार ३० अंश, म्हणून ०.८६६ ने भाग. १,४२३ चौरस फूट, सव्वाचौदा ब्रास. कागदावर हे चार ओळींत गिऱ्हाइकासमोर मांड, तोंडी नको. कौलं असतील तर २,१३५ होतात, वर पाच टक्के फुटतूट धरून साडेबावीसशे मागव. त्याच कागदावर पन्हळीचाही हिशेब घाल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हे छप्पर वरून पाहिलं तर ११४ चौरस मीटर. तासाला १०० मिमी पडला तर ११,४०० लिटर पाणी, एका पाख्याला मिनिटाला ९५ लिटर. एका बाजूला एकच चार इंची पाईप ठेवला आणि त्यात फणसाची दोन पानं अडकली की पन्हळ उलटी भिंतीत वाहते. दोन पाईप ठेव.

पैसे असे माग: ऑर्डरबरोबर ४० टक्के, कैच्या उभ्या राहिल्यावर ३०, पत्रा साइटवर उतरण्याआधी २५, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ५. पत्रा एका घराच्या मापाने कापलेला असतो, दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही; म्हणून तो ट्रकमधून उतरण्याआधी त्याचे पैसे आलेले हवेत. ओळखीच्या माणसाकडे तर हे आधीच स्पष्ट बोल, कारण बुडीत खातं बहुतेक ओळखीतच तयार होतं. भाव पंधरा दिवसांपुरता, हे कोटेशनवर लिही. जीएसटी १८ टक्के वेगळ्या ओळीत दाखव.

वेळापत्रकात शिमग्याचे आठ दिवस आधीच रिकामे धर. १० मेनंतर जुनं छप्पर उतरवायचं काम घेऊ नकोस, कितीही गळ घातली तरी. त्याआधीच्या कामातही एका दिवसात संध्याकाळपर्यंत झाकता येईल तेवढंच उघडायचं.

माणसांचं सांगते. मेस्त्रींना सगळ्यांसमोर चूक दाखवू नकोस, "मेस्त्री, इथे जरा टेप धरता का?" म्हण, आकडा त्यांनाच वाचू दे. हजेरी रोज, उचल वेगळ्या वहीत आणि समोर सही किंवा अंगठा. शनिवारी पगार म्हणजे शनिवारीच, गिऱ्हाइकाचा चेक वटला नसला तरी. कौलं वाहणाऱ्या बायकांना पुरुषांएवढंच ओझं आणि मजुरी कमी, ही रीत तुझ्या साइटवर पहिल्याच आठवड्यात बंद कर. त्यांच्यासाठी आडोशाची सोय विचारण्याची वेळ येऊ देऊ नकोस. ज्यांचे मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस भरले आहेत आणि वय १८ ते ६० मध्ये आहे, त्यांना इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी दाखला दे.

सुरक्षेचा पट्टा घातल्याशिवाय कुणी वर जायचं नाही, यात वयाचा मान ठेवायचा नाही. दोर आढ्याशी बांधलेला हवा, पर्लिनच्या टोकाला नव्हे. सकाळी दव सुकेपर्यंत पत्र्यावर पाय नको. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर बोल्टच्या रेषेतसुद्धा नुसतं चालू देऊ नकोस, आडव्या फळ्या टाकून त्यावरूनच. ते पत्रे कडकन फुटतात. लांब पत्रा वर चढवताना महावितरणची तार कुठून जाते ते आधी बघ. कामगार भरपाईचा विमा हंगाम सुरू होण्याआधी काढ आणि त्यात उंचीवरचं काम लिहिलेलं आहे का ते वाच.

राहिले कागद. प्रोप्रायटरशिप तुझ्या "नावावर" होत नाही, ती आईच्या पॅनला बांधलेली आहे. तुला नवा जीएसटी नंबर घ्यावा लागेल, आणि आईच्या जीएसटी खात्यात शिल्लक असलेलं, खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने तुझ्याकडे वळवता येतं. आईबरोबर भागीदारी केलीस तर ती रजिस्टर कर, कारण नोंदणी नसलेल्या भागीदारीला थकबाकीदारावर दावा लावता येत नाही. आणि महिला उद्योजकांसाठी केंद्र सरकारच्या खरेदीत ३ टक्के राखीव आहेत म्हणून कुणी एजंट आला तर आधी विचार, हे कशासाठी? ते वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटाला धरत नाहीत.

तुझी,
मावशी

ता. क. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक नव्या घरी स्वतः जा. आतून, दिवे बंद करून, टॉर्च न लावता वर बघ; जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण कर. मेस्त्रींना फोन तिथूनच लाव. उरलेले ५ टक्के मागायची वेळ त्यानंतरची.