पहिल्या हाफ मॅरेथॉनची तयारी कशी करावी? रोज पूर्ण जोर लावून पळावं का?

तुम्ही जालन्याचे, पाच किलोमीटर न थांबता पळता, मार्चपासून हाफची तयारी धरायची म्हणता, बूट कोणते घेऊ असंही विचारलंय. इथवर ठीक. पण पुढं तुमचा मित्र म्हणतो, ‘रोज जीव तोडून पळ, तरच स्टॅमिना वाढतो.’ हे वाक्य वाचलं आणि एरवी नुसता वाचणारा मी लिहायला बसलो. कारण हेच वाक्य मी आमच्या साडूंकडून गेली काही वर्षं ऐकतोय.

साडू फौजेतून निवृत्त. गंगाखेडकडं पोरांकडून भरतीची तयारी करून घेतात. पोरं लागतातही, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांचं सगळं गणित सोळाशे मीटरचं. सोळाशे पाच-साडेपाच मिनिटांत संपतं. हाफ म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. तुमच्या-माझ्यासारख्याला दोन तासांच्या पुढंच लागतात. दोन्हीला पळणं म्हणतात एवढंच साम्य.

२०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही दोघं जावई धोंड्याच्या जेवणाला मानवतला सासुरवाडीत होतो. मी नेमानं पहाटे उठून पाथरीच्या रस्त्याला लागलो. सासूबाईंना वाटलं पोट बिघडलं. परत येताना मागून साडू आले, पुढं गेले, वळून म्हणाले, “काय सर, पळायलाव का वरातीत चालायलाव?” बरं, एवढ्यावर मिटावं ना. पंगतीत पुरणाच्या धोंड्यावर तूप पडत असताना पुन्हा विषय काढला. “अविनाश साबळे काय असं रमतगमत पळून साबळे झाला का?”

साबळेचं नाव काढलं की मराठवाड्यात समोरचा गप्प होतो, हे त्यांना माहीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, फौजेत गेला, सियाचीनला राहिला, २०२० ला दिल्लीत हाफ १ तास ३० सेकंदांत पळाला. म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. पण लांब पल्ल्याचे मोठे धावपटू आठवड्यातलं बहुतेक अंतर स्पर्धेच्या वेगापेक्षा कितीतरी सावकाश पळतात. जोराचा सराव आठवड्यातून एक-दोनदा, तोही मोजून. त्यांचं सावकाश आपल्याला जोरात दिसतं, म्हणून साडूंसारख्यांची फसगत होते. मी हे सांगायला लागलो तर सासरे म्हणाले, “आधी जेवा.”

शेवटी त्या हिवाळ्यात संभाजीनगरच्या एका शर्यतीत दोघांनी नाव घातलं. साडू माझ्या आधी पोचले. चांगली दहा-बारा मिनिटं आधी. सासुरवाडीत निकाल लागला तो लागलाच, सासऱ्यांचा प्रश्न एकच: पहिलं कोण आलं? साडू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, फौजेनं घडवलेले पाय, हे कुणी धरत नाही. दिवाळीच्या आधी नडगी दुखते म्हणून ते बरेच दिवस बसून होते, तेही नाही. शर्यतीनंतर जिना उलटं उतरत होते, आणि तेव्हापासून बूट माळ्यावर आहेत. मी दुसऱ्या दिवशी शाळेवर हजर होतो, आजही पळतोय. आता सांगा पद्धत कुणाची बरोबर?

कारण साधं आहे. दम लवकर वाढतो. नडगी, घोटा, टाचेची शीर यांना पक्कं व्हायला जास्त वेळ लागतो. दम आला म्हणून रोज जोर लावला की ती मागं राहिलेली जागा दुखायला लागते. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या वेगानं पळा. वाक्य तुटलं तर वेग कमी. घड्याळ नसलं तरी चालतं.

मार्चचं म्हणाल तर आपल्याकडं ती वेळ चुकीची. उन्हात कातडी गार ठेवायला रक्त तिकडं जातं, त्याच वेगाला छाती जास्त धडधडते, आणि माणसाला वाटतं आपला स्टॅमिना गेला. उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत पाच-सहा किलोमीटर टिकवून ठेवा, बास. खरी तयारी ऑगस्टपासून धरा, डिसेंबरची शर्यत पकडा. आठवड्यातून चार दिवस, रविवारी लांबचं, दर आठवड्याला एखादा किलोमीटर वाढवत सतरा-अठरापर्यंत. दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी. शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवा. या दिवसांत साडूंसारखं कुणी भेटलं तर रस्ता बदला. एकवीस आधी पळून बघायची गरज नाही.

पावसाळ्यात रानातल्या वाटेनं जाऊ नका, काळी माती बुटाला किलोकिलोनं चिकटते. डांबरीवर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटे निघतात, मागं लाल दिवा असेलच असं नाही. कुत्र्यांसमोर पळायचं थांबून चालायला लागा.

पाण्याचं तर साडूंचं आणखी एक शास्त्र: पळताना पाणी प्यायचं नाही, पोटात कळ येते. सोळाशेला खरं असेल. तासाच्या वर पळायचं तर तहानेप्रमाणे घोट घोट घ्या, लिंबू-मीठ-साखर घातलेलं घ्या, सोबत दोन-चार खजूर ठेवा. मात्र भीतीनं लिटरच्या लिटर नुसतं पाणी रिचवू नका. रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

बूट: दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. कंपनी कोणतीही. शर्यतीच्या दिवशी नवे घालू नका.

हे सगळं मी धडधाकट माणूस गृहीत धरून लिहिलंय. चाळिशी ओलांडली असेल, शुगर-बीपी असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांकडं जाऊन या, मग ऑगस्ट. छातीत दाबल्यासारखं वाटलं किंवा उन्हात पळताना अंगावर काटा येऊन गरगरलं, तर तिथंच थांबा आणि फोन करून कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा.